सिस्टरांची पेशंट

शिक्रापूरला सिस्टरांच्या चाळीत खोली बघायला गेलो, तेव्हा खोली दाखवायच्या आधी त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली. लग्न होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. नवरा शेजारीच उभा होता. परकी बाई अशी डोळ्यात बोट घालते म्हटल्यावर मी दचकून मागं सरकले, तर त्यांनी माझी हनुवटी धरून ठेवली. मग नखं बघितली, जीभ बाहेर काढायला लावली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बायकोत रगात न्हाई तुझ्या. उद्या तपासून आण. खोली ती तिकडची. पाणी सकाळी येतं."

तपासणीत हिमोग्लोबिन आठ निघालं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'एचबी आठ' झाले. गोळ्या खाऊन पुढं ते चांगलं वाढलं, पण नाव काही बदललं नाही. चाळीत सगळ्यांची अशीच बारशी झालेली. कोपऱ्यातल्या खोलीतला बीडचा वेल्डर म्हणजे 'हर्निया', त्याची बायको 'थायरॉइड', आणि बिहारहून आलेल्या जोडप्यातली हसरी पोरगी 'सिझर'. संध्याकाळी सणसवाडीच्या कंपन्यांमधून माणसं दमून परतायची आणि सिस्टर फाटकातच उभ्या. हायवेच्या ट्रकांवर आवाज चढवून विचारायच्या, "ए हर्निया, वजन उचललंस का आज?" समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं वळून बघायची. तो बिचारा मान खाली घालून आत पळायचा.

त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. निवृत्त हा शब्द मात्र आपला. घरात असल्या तरी अंगावर पांढरी साडी, पायात पांढऱ्या पट्ट्यांच्या चपला. जेवायच्या उभ्यानं, ओट्यापाशी, दोन घासांच्या मध्ये खिडकीतून चाळीवर नजर टाकत. हात धुवायच्या ते कोपरापर्यंत, आणि मग बोटं वर करून पाणी निथळू द्यायच्या. कुणी मायेनं 'मावशी' म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "मावशी वार्डात फरशी पुसती. मी सिस्टर हाय. सिस्टर म्हणायचं."

मूळच्या त्या कवठे येमाईच्या बाजूच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा तेव्हा या परकरात होत्या. अडलेली मेंढी मोकळी करायला त्या तिथंच शिकल्या, आणि हे त्या दिवस भरलेल्या बाईसमोर खुशाल सांगायच्या. "मेंढीला आन् बाईला कळा त्याच. पर मेंढी शहाणी, उगं बोंबलत न्हाई." ऐकणाऱ्या बाईचा चेहरा पांढराफटक पडायचा. मग त्याच तिला हाताला धरून तपासणीला घेऊन जायच्या आणि रांगेत तिच्याबरोबर उभ्या राहायच्या.

एकदा शिरूरला जाताना एस.टी.त पुढच्या बाकावर एक बाई तापलेलं बाळ घेऊन बसली होती. बाळाला स्वेटर, टोपडं, वर शाल. सिस्टर उठल्या आणि एक शब्द न बोलता त्यांनी त्या बाळाचे कपडे उतरवायला सुरुवात केली. बाई किंचाळली. कंडक्टर धावत आला. सिस्टर म्हणाल्या, "भट्टी केलीय पोराची. तुला चढला ताप आन् कुणी घोंगडं टाकलं तर चालंल का?" बाळ उघडं झालं, ओल्या रुमालानं पुसलं गेलं आणि शिरूर यायच्या आत आईच्या खांद्यावर गाढ झोपलं. ती बाई मात्र उतरेपर्यंत यांच्याकडं चोराकडं बघावं तसं बघत होती.

माझं पहिलं हळदीकुंकू मी त्याच चाळीत केलं. सिस्टरांना बोलवावं की नाही, हा मोठा प्रश्न. त्यांच्या कपाळाला काही नसायचं, गळ्यात काही नसायचं, आणि नवऱ्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. मी बोलावलं नाही, तरी त्या आल्या. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुंकवाची वाटी हातात घेऊन मी तशीच थांबले. सिस्टर म्हणाल्या, "लाव की. कुंकवानं इन्फेक्शन हुत न्हाई." मी लावलं. मग त्यांनी पिशवीतून सगळ्यांसाठी वाण काढलं. प्रत्येकीला एकेक नेलकटर. आणि ते देता देता प्रत्येकीला मोठ्यांदा, नीट ऐकू जाईल असं विचारलं, "पाळी कवा आली व्हती?"

सिस्टर जाऊन आता काही वर्षं झाली. आम्हीही शिक्रापूर सोडून दौंडला माझ्या माहेराजवळ घर बांधलं. हे सगळे प्रसंग मी सांगते तेव्हा ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसते. पण पुढचं सहसा सांगत नाही. ते सांगायचं तर त्यांच्या आतल्या खोलीत जावं लागतं.

आमची खोली आणि सिस्टरांची आतली खोली यांच्यात एकच भिंत होती, आणि ती वर पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. तिकडचं सगळं इकडं ऐकू यायचं. राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी मी चहा टाकत होते आणि वरून आवाज आला.

"उठली का सटवे? अजून जित्ती हायस व्हय?"

सिस्टरांचाच आवाज. मी गॅस बारीक केला.

"तुला माफ केल्यालं न्हाई मी. ध्यानात ठिव. आ कर. आजून मोठा. हां, आता गिळ."

आणि मग दुसराच एक आवाज आला. जाड, घशातून ओढून काढल्यासारखा.

"न्हाई."

"न्हाई म्हणू नगंस. कूस वळ."

हे दिवसातून कितीतरी वेळा चालायचं. थोरली बहीण असेल, भावजय असेल, असं चाळीत म्हणत. लकवा होऊन अंथरुणाला खिळलेली कुणीतरी म्हातारी आत आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावाची काळजी वाहणारी बाई घरात एका अपंग म्हातारीचा छळ करते, असंच मला वाटलं. मी नवऱ्याला सांगितलं. तो सेकंड शिफ्ट करून आलेला. म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? खोली चांगली आहे."

मग सिस्टरांचं मनगट मुरगळलं, आणि एका सकाळी दारात येऊन त्या म्हणाल्या, "ए एचबी आठ, कोपरापर्यंत हात धू आन् आत ये."

आत दवाखान्यात असते तशी लोखंडी कॉट होती. चादर अशी ताणलेली, की वर नाणं टाकलं तर उडावं. कॉटवर एक वाळलेली बाई. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवं अंग गेलेलं. पण केसांना तेल, घट्ट वेणी, नखं कापलेली. खोलीत फिनेलचा आणि पावडरीचा वास. ज्या वासाची तयारी करून मी गेले होते, तो कुठंच नव्हता.

"खाली हात घाल. वढायचं न्हाई, उचलायचं. वढलं की कातडं सोलतं."

आम्ही दोघींनी तिला कुशीवर केलं. पाठ उघडी झाली आणि मी घाबरतच बघितलं. इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाची पाठ कशी असते ते मी माझ्या आजोबांच्या वेळी बघितलेलं होतं. ही पाठ नितळ होती. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. फक्त कमरेच्या वर एक जुना, मोठा, बुजलेला व्रण. सिस्टर चांगल्या हातानं त्या पाठीला पावडर चोळत होत्या, इतक्या हळू की मला माझ्या आईची आठवण झाली. आणि तोंडानं चाललं होतं, "वैरिणी, जड झालीस बघ. खातीस किती?"

"न्हाई," ती म्हणाली.

"हिला येवढा एकच शब्द येतो आता," सिस्टर मला म्हणाल्या. "बाकीचे सगळे गेले."

मी विचारलं, "तुमच्या कोण या?"

"पेशंट."

"तसं नाही, नात्यानं..."

"पेशंट म्हणलं ना? चादर धर. एक सुरकुती राहिली की उद्या एक जखम. धर नीट."

मनगट बरं झालं तरी मी जात राहिले. दूध पाजायच्या आधी त्याचा थेंब सिस्टर स्वतःच्या मनगटावर टाकून बघायच्या. ठसका लागला तर तिचं डोकं छातीशी धरून बसायच्या. आणि तिचा ठसका थांबला की पहिलं वाक्य हेच असायचं, "माफ केल्यालं न्हाई, समजलं?" त्या बोलण्याची सवय होईल असं मला वाटलं होतं. झाली नाही.

मग एका दुपारी चाळीपुढं पांढरी मोठी गाडी थांबली. तिशी-पस्तिशीचा एक माणूस उतरला, कडक इस्त्रीचे कपडे, मागं दोन जण. मी आतल्या खोलीत पेशंटचं पांघरूण बदलत होते. तो थेट घरात घुसला.

"आईला न्यायला आलोय," तो म्हणाला.

सिस्टर दारात आडव्या झाल्या. "चपला काड. हात धू."

"ओ बाई, मी काय..."

"सिस्टर म्हण. आन् हात धू आधी."

त्यानं धुतले. मला वाटतं, त्याला वाटलं नव्हतं आपण धुऊ म्हणून. आत येऊन तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. आईच्या तोंडाकडं बघितलं, लगेच नजर काढून घेतली.

"गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई मला," तो सिस्टरांना म्हणाला. "इलेक्शन आलंय. समोरची लोकं स्टेजवरनं बोलत्यात, ज्याची आई सवतीच्या दारात पडलीय त्यो गावाचं काय करणार म्हणून."

माझ्या हातातलं पांघरूण तसंच राहिलं. सवत. मी सिस्टरांकडं बघितलं, कॉटवरच्या बाईकडं बघितलं, परत सिस्टरांकडं. चेहऱ्यावर काही नाही. ताप किती आहे ते ऐकावं तसं त्या ऐकत होत्या.

"सवतीच्या दारात न्हाई," त्या म्हणाल्या. "नर्सच्या घरात हाय. तू दवाखान्यात टाकून गेलास तवा हिच्या कमरंला मूठ जाईल येवढी जखम व्हती. किडं व्हते त्यात. डिस्चार्ज झाला तरी न्यायला कुणी आलं न्हाई. वार्डात ठिवता येत नव्हती, म्हणून मी आणली. आता तू आलास. ने."

तो गांगरला. भांडायच्या तयारीनं आला होता. "नेतोच. आई, येतीस ना घरी?"

"न्हाई," कॉटवरून आवाज आला.

बरोबरचा एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसत होता. पोराचा चेहरा उतरला. मला तर आनंदच झाला, की चला, सुटली म्हातारी. पण सिस्टर म्हणाल्या, "त्येच्यावर जाऊ नगंस. काय बी इचारलं तरी तेच म्हणती. तिला दुसरा शब्द येत न्हाई. तू नातेवाईक हायस, तुझा हक्क हाय. फक्त कसं करायचं ते शिकून घे."

सगळं त्यांच्या बाजूनं झालं होतं आणि त्यांनी स्वतःच ते मोडून टाकलं.

"बायका करतील घरी," तो म्हणाला.

"बायका आल्यात का संगं? न्हाई ना? मग तू शिक. आत्ता कपडे बदलायचेच हायेत. ये हिकडं, उचल."

तो पुढं झाला. आईच्या अंगाखाली हात घातले, थोडं उचललं. आईनं घाण केलेली होती. तो तसाच मागं सरला, तोंडावर हात धरून अंगणात गेला आणि नळापाशी ओकला. त्याचे मित्र रस्त्यावरच्या ट्रककडं बघत उभे राहिले.

सिस्टर खिडकीतून ओरडल्या, "तू पायाळू व्हतास! तुला मीच भाईर काढला. तवा तू माझ्या अंगावर काय काय केलं, ते मी सांगत बसले व्हय?"

चाळीत घरी होते तेवढे सगळे बाहेर आले होते. तो गाडीत बसला. बायकोला घेऊन येतो, म्हणाला. इलेक्शन झालं, तो निवडूनही आला. पण परत काही आला नाही.

तो गेल्यावर सिस्टरांनी मला शांतपणे सगळं सांगितलं, चादर बदलता बदलता. दौंड तालुक्यात नदीकाठच्या गावात त्यांना दिलं होतं. मूल झालं नाही. नवऱ्यानं ही दुसरी आणली. सिस्टरांनी नोकरीच्या गावी क्वार्टर घेतली आणि परत त्या घरात पाऊल टाकलं नाही. पण त्या भागातलं आरोग्य केंद्र ते एकच, ड्यूटीवर नर्स एकच. सवतीचे दिवस भरले, मूल पायाकडून, डॉक्टर पुण्याला गेलेले. नवऱ्यानं तिला बैलगाडीत घालून तिथंच आणली.

"मला बघून ही किंचाळायला लागली. 'ही नको, दुसरी बाई बोलवा, ही मला मारंल.' माझा हात चावली. हा बघ." त्यांच्या करंगळीखाली पांढरी खूण होती. "नवरा भाईर हुबा. म्हणला, काय बी कर. मी म्हणलं, भाईर थांब."

"आणि ते... तुमचे मिस्टर?"

"त्यो? त्यो कवाच मेला. त्यो माझा पेशंट कधी झाला न्हाई, नशीब त्याचं."

एवढं ऐकल्यावर मला वाटलं, आता कळलं सगळं. अशा बाईची अशी सेवा करायची म्हणजे मन केवढं मोठं लागत असेल, असं मी नवऱ्याला, आईला, सगळ्यांना सांगत सुटले.

पेशंट पुढच्या उन्हाळ्यात गेली. दुपारची वेळ होती. सिस्टरांनी नाडी बघितली, डोळ्याच्या पापण्या मिटवल्या, हनुवटीला पट्टी बांधली. मला हात लावू दिला नाही. गरम पाण्यानं सगळं अंग पुसलं, केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसवलं. तोंडातून शब्द नाही. मग पोराला फोन केला. पलीकडून रडण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. "येतो, मोठी आई," असं काहीतरी तो म्हणाला असावा, कारण सिस्टर फोनवर म्हणाल्या, "सिस्टर म्हण."

गाडी आली. या वेळी त्याची बायकोही आली होती, आणि ती खरोखरच रडत होती. त्यांनी सिस्टरांना चला म्हटलं. सिस्टर नाही म्हणाल्या. "पेशंट नातेवाइकांच्या ताब्यात दिला. माझं काम झालं."

गाडी गेली तशी त्यांनी कॉटची गादी उन्हात टाकली, चादरी काढल्या आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडापाशी घेऊन बसल्या. मीही बसले. चाळ रिकामी होती, सगळे कामावर. बराच वेळ आम्ही चादरी घासत होतो. शेवटी माझ्यानं राहवलं नाही.

"सिस्टर, जाताना तरी माफ केलं ना तिला?"

त्यांनी साबण खाली ठेवला.

"माफ करायचं ते तिनं," त्या म्हणाल्या. "मी तर आपली म्हणत हुते."

मला काही उमगलं नाही. त्या पुढं बोलत गेल्या, दगडाकडं बघत, नेहमीपेक्षा पुष्कळ हळू.

"त्यो पायाळू भाईर आला, रडला. त्याला गुंडाळून ठिवला. आन् मग हिला रगात सुटलं. असं सुटलं की टेबलावरनं खाली गळायला लागलं. रगात थांबवायचं इंजेक्शन भरून माझ्या हातात व्हतं. आन् मी हुबी ऱ्हायले."

"म्हणजे?"

"म्हंजी हुबी ऱ्हायले. दिलं न्हाई. मनात आलं, पोरगं तर हाय. ही नसली की घर परत माझं. पोरगं बी माझंच. येवढंच आलं. किती येळ, ते मला ठावं न्हाई. पर ही शुद्धीवर व्हती. माझ्याकडं बघत व्हती. तिला समजलं मी का हुबी हाय ते. मग मी दिलं."

दगडावरून साबणाचं पाणी माझ्या पायाशी येत होतं. मला पाय मागं घ्यायचं सुचलं नाही.

"पण वाचली ना ती," मी कसंबसं म्हणाले.

"वाचली. डॉक्टर आले, माझी पाठ थोपटली. शाब्बास सिस्टर म्हणले. आन् हिनं कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोराला न्हाई. तिच्या एका शब्दावर माझी नोकरी गेली असती. जेलात गेले असते मी. एवढी वाईट बाई, माझा संसार घेतला तिनं, आन् हे तेवढं पोटात ठिवलं. का ठिवलं? येवढंच इचारायचं व्हतं मला. वार्डात तिला बघितली तवा वाटलं, आता घरी न्यावी आन् निवांत इचारावं." त्या थांबल्या. "न्यायच्या आधी मी तिची जीभ तपासली न्हाई."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ज्या हातांनी माझी पापणी ओढली होती, माझी दोन्ही बाळंतपणं ज्यांच्या भरवशावर मी पुढं काढणार होते, ते हात पाण्यात तसेच पडले होते. कुठं तरी लांब ट्रकचा ब्रेक करकरला.

सिस्टरांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं.

"पीळ," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी मिळून ती चादर पिळली, पाणी गळायचं थांबेपर्यंत. संध्याकाळी कंपन्या सुटल्या, माणसं फाटकातून आत यायला लागली, आणि त्या दिवशी सिस्टरांनी कुणालाच हाक मारली नाही.